नवा कार्यालयीन टॉवर उभा राहताना : बांधकाम आणि फसाड यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोअर परळ, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल किंवा गोरेगाव येथे नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर एखादा तरी कार्यालयीन टॉवर चार-पाच वर्षे वाढत असतो. असे काम रस्त्यावरून आणि सार्वजनिक कागदपत्रांतून कसे समजून घ्यावे, याविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांचा भर मुद्दाम इमारतीच्या बाह्य आवरणावर, म्हणजे साइटवर ज्याला सरसकट ‘फसाड’ म्हणतात त्यावर ठेवला आहे. सांगाडा बहुधा नीट उभा राहतो. मुंबईत टॉवरची खरी परीक्षा पाऊस, पश्चिमेचे ऊन आणि खारी हवा घेतात, आणि तिचा निकाल काचांच्या मधल्या सांध्यांत लागतो.

समोर काम सुरू झाले आहे, पण तेथे काय उभे राहणार हे कोठे कळेल?

पहिला कागद प्रवेशद्वाराजवळच असतो. विकासक, वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावे आणि परवानगीचा क्रमांक व तारीख लिहिलेला फलक तेथे लावलेला असतो. तो बहुतेक लोक वाचत नाहीत, पण पुढचा सगळा शोध त्या क्रमांकावरून घेता येतो. दुसरा मोठा स्रोत म्हणजे पर्यावरण मंजुरी. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला ही मंजुरी घ्यावी लागते आणि मोठा कार्यालयीन टॉवर ही मर्यादा सहज ओलांडतो. केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर अशा अर्जांसोबत तळघरे, मजले, पाण्याची गरज, वाहनतळ यांची माहिती जोडलेली असते, आणि मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवालही द्यावा लागतो.

महारेरावर, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, शोधून काही सापडले नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या या प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक असते ती जागा विकायची असेल तर. कित्येक कार्यालयीन टॉवर मालक स्वतःकडे ठेवून भाड्याने देतात, आणि तशा प्रकल्पांची नोंद तेथे नसणे स्वाभाविक आहे.

आयओडी, सीसी आणि ओसी यांत फरक काय?

आयओडी ही मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली दिली जाणारी सूचना आहे. तिचे इंग्रजी नाव शब्दशः ‘नापसंतीची सूचना’ असे असले तरी व्यवहारात ती अटींसह दिलेली संमती असते. अटी पूर्ण करा, मग काम सुरू करा, असा तिचा अर्थ. सीसी म्हणजे काम सुरू करण्याचे प्रमाणपत्र. ते अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत आणि नंतर पुढील मजल्यांसाठी, त्यामुळे एखादा टॉवर मध्येच काही महिने जागच्या जागी थांबलेला दिसला तर पुढच्या सीसीची प्रतीक्षा हे एक साधे कारण असू शकते. ओसी म्हणजे वापराचा दाखला, आणि तो काही मजल्यांपुरताही दिला जातो. वांद्रे-कुर्ला संकुलात यांपैकी नियोजनाची परवानगी महापालिकेऐवजी एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देते, कारण १९७७ पासून तेथील विशेष नियोजन प्राधिकरण ती संस्था आहे.

टॉवर किती उंच होणार, हे कोण ठरवते?

जमिनीचे गणित विकास नियमावली ठरवते, पण आकाशाची मर्यादा मुंबईत बहुतेक ठिकाणी भारतीय विमानतळ प्राधिकरण ठरवते. सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूची धावपट्टी शहराच्या मध्यातच असल्यामुळे प्राधिकरणाने रंगांनी विभागलेला नकाशा प्रसिद्ध केला आहे आणि त्यावर कोणत्या भागात किती उंचीपर्यंत काय करता येईल हे दाखवलेले आहे. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, रस्त्यापासून नव्हे. म्हणून टेकडीवरील भूखंडाला तेवढीच मर्यादा असूनही मजले कमी मिळतात. टॉवर क्रेनचे शेंडेही याच हिशेबात येतात.

खड्डा खणून वर्ष झाले, तरी वर काहीच दिसत नाही. काम रखडले आहे का?

बहुधा नाही. तीन-चार तळघरे असलेल्या इमारतीचा सगळ्यात जोखमीचा भाग रस्त्याच्या खाली असतो. मुंबईच्या पोटात बेसाल्टचा काळा पाषाण आहे, पण त्याच्यावर कोठे भराव, कोठे खाडीची चिकणमाती, कोठे ठिसूळ ब्रेशिया आणि टफ यांचे थर आहेत, आणि एकाच भूखंडाच्या दोन टोकांना पक्का खडक वेगवेगळ्या खोलीवर लागू शकतो. त्यामुळे आधी कडेने पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची भिंत, मग खोदकाम आणि सतत पाणी उपसणे, आणि शेवटी राफ्ट म्हणजे जाड काँक्रीटची बैठक. हे काँक्रीट घट्ट होताना आतून तापते. उष्णता अति वाढली तर तडे जातात, म्हणून मिश्रणात सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातील राख) किंवा स्लॅगने (पोलाद कारखान्यातील मळी) भरून काढतात, पाण्याऐवजी बर्फ वापरतात आणि ओतकाम रात्री करणे पसंत करतात. ट्रान्झिट मिक्सरची, म्हणजे काँक्रीट आणणाऱ्या ट्रकची, रात्रभर लागलेली रांग दिसली तर आपण राफ्टचे ओतकाम पाहत आहोत, असे समजावे.

एक मजला किती दिवसांत चढतो?

लय बसली की साधारण सात ते दहा दिवस. मधला गाभा, म्हणजे लिफ्ट आणि जिन्यांच्या काँक्रीटच्या भिंती, काही मजले पुढे असतो आणि स्लॅब त्याच्या मागून येतात. कार्यालयांना खांबांविना मोठ्या जागा हव्या असल्याने स्लॅबमध्ये पोलादी तारा घालून त्या नंतर ताणतात. याला पोस्ट-टेन्शनिंग म्हणतात.

पत्र्यांमुळे काहीच दिसत नाही. पाहायचे कोठून?

ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धूळ रोखण्यासाठी जी नियमावली काढली तिच्यानुसार ७० मीटरहून उंच इमारतींच्या साइटभोवती किमान ३५ फूट उंचीचा पत्रा आवश्यक आहे, आणि बांधकाम हिरव्या कापडाने झाकावे लागते. ते योग्यच आहे. त्यामुळे जवळून पाहण्याचा हट्ट सोडावा आणि थोडे लांब जावे. रेल्वेचा पादचारी पूल, समोरच्या इमारतीची गच्ची. महिन्यातून एकदा त्याच जागेवरून, त्याच वेळेला छायाचित्र घेतले तर वर्षअखेर जी मालिका तयार होते तिची बरोबरी कोणतेही एक सुंदर छायाचित्र करू शकत नाही. ड्रोन मात्र उडवू नये. विमानतळाच्या सान्निध्यामुळे मुंबईच्या मोठ्या भागात परवानगीशिवाय तो बेकायदेशीर ठरतो, आणि उंचावर काम करणाऱ्या माणसाचे लक्ष विचलित करणे हा वेगळा धोका आहेच.

काच लागायला केव्हा सुरुवात होते?

सांगाडा शेंड्याला पोचण्याच्या कितीतरी आधी. वर स्लॅब टाकले जात असताना दहा-पंधरा मजले खाली फसाडची मंडळी कामाला लागलेली असतात. परंतु माझ्या मते पाहण्यासारखा टप्पा त्याच्याही आधीचा आहे, आणि तो म्हणजे स्लॅबच्या कडेला ब्रॅकेट, म्हणजे फसाड पेलणारे धातूचे आधार, बसतात तेव्हाचा.

काँक्रीटचे काम मिलिमीटरमध्ये होत नाही. कडा कोठे पंधरा मिलिमीटर आत, कोठे वीस बाहेर असते. ॲल्युमिनियम आणि काच मात्र कारखान्यात एक-दोन मिलिमीटरच्या अचूकतेने तयार होतात. या दोन जगांची गाठ ब्रॅकेटवर पडते. स्लॅब ओततानाच त्याच्या कडेत पोलादी चॅनल पुरून ठेवतात, नंतर सर्वेक्षक प्रत्येक बिंदूची जागा मोजतो आणि ब्रॅकेट वर-खाली, आत-बाहेर, डावी-उजवीकडे सरकवून एका रेषेत आणतो. येथे घाई झाली, चॅनल काँक्रीटमध्ये बुजला आणि त्याऐवजी नंतर छिद्र पाडून बोल्ट मारावा लागला, तर त्याची किंमत पुढे प्रत्येक सांध्यात मोजावी लागते. काच लागल्यावर हे काहीच दिसत नाही. म्हणूनच दुर्बीण असेल तर ती या महिन्यांत वापरावी.

‘युनिटाइज्ड’ आणि ‘स्टिक’ या पद्धतींत फरक काय आहे?

स्टिक पद्धतीत उभ्या-आडव्या ॲल्युमिनियम पट्ट्या साइटवर एकेक जोडून त्यांत काच बसवतात. त्यासाठी बाहेरून परांची किंवा पाळणा लागतो आणि सांध्याचा दर्जा त्या दिवशीच्या कारागिरावर आणि हवेवर अवलंबून राहतो. युनिटाइज्ड पद्धतीत एक मजला उंच, साधारण दीड मीटर रुंद असा पूर्ण तुकडा कारखान्यातच चौकट, काच, गॅस्केट (सांध्यातली रबरी पट्टी) आणि सिलिकॉनसह तयार होतो, पेटीतून येतो आणि वरच्या मजल्यावरील छोट्या क्रेनने उचलून शेजारच्या तुकड्यात अडकवला जातो. उंच टॉवरसाठी दुसरी पद्धत निःसंशय चांगली. जून ते सप्टेंबर ज्या शहरात परांचीवर उभे राहून सिलिकॉन भरणे म्हणजे ओल्या पृष्ठभागाशी झगडणे असते, तेथे जास्तीत जास्त सांधे छपराखाली तयार होणे हाच शहाणपणा आहे.

मुंबईच्या पावसात काचेची इमारत गळत नाही का?

गळू शकते, आणि हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मी ज्या कार्यालयात अकरा वर्षे काम केले तेथे विसाव्या मजल्यावर दर जुलैत खिडकीखाली बादल्या ठेवाव्या लागत. प्रत्येक मे महिन्यात बाहेरून नवे सिलिकॉन भरले जाई आणि प्रत्येक जुलैत बादल्या परत येत. कारण शोधायला कोणी काच उघडून पाहिलीच नाही. चूक आतल्या निचऱ्यात होती.

पाणी आत येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पाणी, फट, आणि त्या फटीतून पाण्याला ढकलणारे बळ. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात उंच मजल्यावर पाऊस आडवा येतो, काही ठिकाणी तर भिंतीवरून वर चढतो, त्यामुळे पाणी टाळता येत नाही. हजारो सांध्यांच्या इमारतीत एकही फट राहणार नाही, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. उरते ते बळ, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या हवेच्या दाबातील फरक. चांगल्या फसाडमध्ये बाहेरच्या गॅस्केटच्या मागे एक पोकळी ठेवतात आणि तिला मुद्दाम बाहेरच्या हवेशी जोडतात, म्हणजे पोकळीतला दाब बाहेरच्याइतकाच होतो आणि पाण्याला आत ढकलणारे काही उरत नाही. जे थेंब तरीही शिरतात ते पोकळीच्या तळाशी असलेल्या छोट्या छिद्रांतून परत बाहेर पडतात. हवा अडवणारा खरा बंदोबस्त त्याच्याही मागे, कोरड्या जागेत असतो. कोकणातल्या घराची वळचण भिंतीपासून दूर पाणी सोडते, त्यामागचा विचारही हाच आहे; पाण्याशी झुंजण्याऐवजी त्याला जाण्याची वाट देणे.

आता बादल्यांचे कोडे उलगडते. निचऱ्याची छिद्रेच सिलिकॉनने बुजवली की पोकळीत पाणी साठते आणि ते आतल्या बाजूने वाट काढते. एखाद्या इमारतीवर वर्षानुवर्षे सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर तेथे रोगाऐवजी लक्षणावर उपचार चालू आहे, असे खुशाल समजावे.

हे सगळे आधी तपासताही येते. मोठ्या प्रकल्पात फसाडचा दोन मजली नमुना चाचणी केंद्रात उभारतात. त्यावर दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे ३.४ लिटर पाणी फवारत, आत-बाहेर दाबाचा फरक निर्माण करून पंधरा मिनिटे पाहतात. मग विमानाचे इंजिन आणि पंखा समोर लावून वादळी पाऊस आणतात. शेवटी मजले भूकंपात सरकतील तेवढे सरकवून पुन्हा पाण्याची चाचणी घेतात. नमुना पहिल्याच वेळी नापास होणे ही लाजिरवाणी गोष्ट मानू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा शहरासाठी तयार होणाऱ्या आवरणाचे दोष चाचणी केंद्रात सापडले तर बरेच.

उन्हाळ्यात तापणाऱ्या शहरात काचेचे टॉवर बांधणे कितपत योग्य आहे?

काच किती आणि कोणत्या दिशेला, यावर उत्तर अवलंबून आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो आणि क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेच्या उन्हाला आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरून सरळ समोरून येतो, आणि कोणताही आडवा छज्जा त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतो. तेथे तिरक्या उभ्या पट्ट्या लागतात, काच कमी ठेवावी लागते किंवा उष्णता अडवणारा लेप लागतो. अडचण अशी की वरळी-प्रभादेवीत समुद्रही पश्चिमेलाच आहे, आणि सर्वांत महाग भाडे समुद्र दिसणाऱ्या काचेचे असते. त्यामुळे जिकडे काच कमी हवी तिकडेच ती सर्वांत जास्त लावली जाते.

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत ठरावीक निकषांच्या मार्गाने जाणाऱ्या इमारतीसाठी खिडक्यांचे प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उत्तर वगळता इतर दिशांच्या काचेतून उन्हाच्या उष्णतेचा ०.२७ पेक्षा जास्त हिस्सा आत येऊ नये, अशी अपेक्षा आहे. मग संपूर्ण काचेचे दिसणारे टॉवर कसे उभे राहतात? बऱ्याच ठिकाणी स्लॅबसमोरच्या आणि छतामागच्या पट्ट्यातल्या काचेच्या पाठीमागे उष्णतारोधक थर असतो; ती दिसायला काच, पण कामाला भिंत असते. संध्याकाळी आत दिवे लागले की कोणता पट्टा खरी खिडकी आहे हे लगेच कळते. ज्यांना यापेक्षा जास्त खिडक्या हव्या असतात ते संपूर्ण इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब मांडून दुसऱ्या मार्गाने मंजुरी घेतात.

आकाराचाही प्रश्न आहे. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या टॉवरची दक्षिणेची बाजू आतल्या बाजूने वक्र होती. २०१३ मध्ये तिने ऊन एकवटून खाली उभ्या केलेल्या मोटारीचे भाग वितळवले, आणि पुढच्या वर्षी तिच्यावर पट्ट्या बसवाव्या लागल्या.

वादळात काचा निखळून पडतील का?

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलोच्या भाराइतका होतो आणि उंचीनुसार वाढत जातो. वारा काचेला फक्त आत दाबत नाही. कोपऱ्यांवर आणि बाजूंवर तो तिला बाहेर ओढतो, आणि हे ओढणे अधिक धोकादायक असते. म्हणून उंच टॉवरचे छोटे प्रतिरूप पवन-बोगद्यात ठेवून कोठे किती ओढ बसते ते मोजतात.

काच चौकटीला धरून ठेवणारे सिलिकॉन किती असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. दीड मीटर रुंद काचेवर २ किलोपास्कल दाब धरला, तर नेहमीच्या हिशेबाने सुमारे ११ मिलिमीटर रुंदीची पट्टी पुरते. म्हणून ती कारखान्यात, स्वच्छ पृष्ठभागावर भरली गेली पाहिजे आणि पूर्ण सुकल्याशिवाय तुकडा हलवला जाऊ नये.

काचेची सर्वांत प्रसिद्ध फजिती अमेरिकेतील बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरची. १९७३ मध्ये त्याच्या काचा पडू लागल्या, रिकाम्या जागी प्लायवूड लावावे लागले, आणि अखेर दहा हजारांहून अधिक काचा बदलल्या गेल्या. दोन काचांच्या मधला शिशाचा जोड अति ताठर होता. ऊन-थंडीने होणारी हालचाल त्याने सोसली नाही. ॲल्युमिनियम तापले की काचेच्या दुपटीहून अधिक पसरते. चार मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ४ मिलिमीटर वाढते. त्या ४ मिलिमीटरना जागा ठेवणे हे सांध्याचे काम आहे.

टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच कधी वारा नसतानाही फुटते, कारण तिच्यात निकेल सल्फाइडचे सूक्ष्म कण राहिलेले असतात. अशा काचा आधीच भट्टीत पुन्हा तापवून कच्च्या असतील त्या तेथेच फुटू देतात. रस्त्यावरच्या बाजूला मध्ये पातळ थर असलेली लॅमिनेटेड काच वापरली तर फुटलेले तुकडेही जागेवर राहतात, आणि पदपथावर माणसे चालतात अशा ठिकाणी मी तरी त्यावर तडजोड करणार नाही.

संपूर्ण इमारतीला काच लागली, पण एक उभा पट्टा उघडाच का आहे?

माणसे आणि सामान वर नेणारी बाहेरची लिफ्ट तेथे स्लॅबला टेकलेली असते. ती उतरल्यावर शेवटी तो पट्टा भरतात. त्याचे सांधे घाईत आणि इतरांपेक्षा कठीण स्थितीत होत असल्यामुळे पुढे गळती झालीच तर ती याच पट्ट्यात शोधावी. मध्येच एखादी काच वेगळ्या छटेची दिसली तर ती बहुधा बदललेली किंवा निराळ्या बॅचची असते.

आग लागली तर काचेचे आवरण धोका वाढवते का?

दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे स्लॅबची कड आणि फसाड यांमधील फट. ती खनिज लोकरीने आणि अग्निरोधक सीलने भरली नाही तर धूर आणि ज्वाळा चिमणीतून जावे तशा वरच्या मजल्यावर जातात. दुसरी म्हणजे पॅनेलचे पोट. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. तेथे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये पेटणारे पॉलिएथिलीन होते. आपल्याकडे एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) या नावाने जे पॅनेल सर्रास मिळते त्याच्या पोटात काय आहे, हे विचारण्याचा हक्क त्या इमारतीत बसणाऱ्या प्रत्येकाला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार काचेच्या इमारतीत अग्निशमन दलाला उघडता येतील असे खुणा केलेले पॅनेल ठरावीक अंतरावर असावे लागतात. बाहेरून पाहताना मध्येच काच नसलेला मोकळा पट्टा दिसतो, तो आगीच्या वेळी आसरा घेण्याचा मजला.

मजले मोजले तर जाहिरातीतील संख्येशी जुळत नाहीत. असे का?

वाहनतळ, यंत्रसामग्री आणि आसऱ्याचे मजले वेगळे मोजले जातात, आणि काही विकासक क्रमांक गाळतात. उंची पाहायची असेल तर मजल्यांऐवजी मंजूर आराखड्यातील मीटर पाहावेत.

ओसी मिळाल्यानंतर काय पाहावे?

पहिले दोन पावसाळे. खारी हवा प्रथम स्क्रू आणि ब्रॅकेट खाते. स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचे वापरले असेल तर समुद्राजवळ त्यावर तांबूस डाग लवकर दिसतात, ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ती अधिक टिकते. काचेवरून खाली ओघळलेल्या काळ्या रेषा दिसल्या तर वरच्या आडव्या पट्टीला पाणी तोडणारी खाच नाही किंवा गॅस्केटमधून तेल झिरपत आहे. पाळण्यातून काच धुणारी मंडळी कोठे थांबतात आणि कोठे पोचूच शकत नाहीत, तेही पाहावे. आराखडा करतानाच ज्या कोपऱ्याचा विचार झालेला नसतो तो वर्षभरात मळलेला दिसतो. आत बसणाऱ्याने जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर खिडकीच्या खालच्या चौकटीवर बोट फिरवावे आणि ओल आढळली तर नवे सिलिकॉन मागण्याऐवजी आधी निचऱ्याची छिद्रे तपासायला सांगावीत.